मन उदास असताना झाडपाल्यावर किती विसंबावं?

जालन्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानावर येणारं माणूस 'मला नैराश्य आलंय' असं कधी म्हणत नाही. ते म्हणतं, झोप लागत नाही. कशातच जीव लागत नाही. जेवण गोड लागत नाही. घरी बसवत नाही आणि शेताकडंही जाववत नाही. मग कुणी अश्वगंधाचं चूर्ण घेतं, कुणी ब्राह्मीची वडी, कुणी शंखपुष्पीची बाटली. परतूर, मंठा, अंबड, भोकरदन, कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच चालतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्याची पायरी चढली की 'वेड्याच्या डॉक्टरकडं गेला होता' असा बोभाटा होतो. चूर्ण घेताना कुणी काही विचारत नाही. ते स्वस्त असतं, ओळखीचं असतं, आजीच्या बटव्यातलं असतं.

पण या चूर्णाकडून आपण औषधाच्या कामाची अपेक्षा करत असू, तर त्याला औषधाचेच नियम लावायला हवेत. ते कुणासाठी, किती, किती दिवस, कशाबरोबर चालत नाही आणि गुण आला नाही तर पुढं काय, हे पाच प्रश्न दवाखान्यातल्या गोळीला विचारावे लागतात, तसे मुळीलाही विचारावे लागतात. 'झाडपाला आहे, अपाय तर होणार नाही' या एका समजुतीपायी हे प्रश्न राहून जातात.

सौम्य म्हणजे नेमकं किती?

झाडपाल्याचा विचार सौम्य नैराश्यापुरताच करता येतो. म्हणून आधी 'सौम्य' कशाला म्हणायचं ते पाहू. जगभर वापरली जाणारी 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस न वाटणं, उदास किंवा हताश वाटणं, झोप बिघडणं, थकवा, भूक कमी-जास्त होणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थता वाढणं, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, हे किती दिवस झालं एवढंच त्यात विचारतात. अजिबात नाही तर शून्य, काही दिवस असेल तर एक, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर दोन, जवळजवळ रोज असेल तर तीन. एकूण गुण २७. पाच ते नऊ गुण म्हणजे सौम्य, दहा ते चौदा मध्यम, त्यापुढं तीव्रतेकडं झुकणारं. ही प्रश्नावली निदान करत नाही, अंदाज देते. पण 'थोडं टेन्शन आहे' आणि 'माणूस आतून खचला आहे' यांतला फरक तिच्यामुळं आकड्यात दिसू लागतो.

नववा प्रश्न मात्र बेरजेत दडवून ठेवायचा नाही. बाकी आठ उत्तरं कितीही साधी असली तरी मरणाचे विचार येत असतील, तर ते प्रकरण कुठल्याही चूर्णाच्या हातातलं नाही. त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यावं. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, फुकट आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट चूर्ण घेण्याआधीच व्हायला हवी. थायरॉईड कमी पडणं, रक्त कमी असणं, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, या तिन्हींत माणूस नेमका असाच मलूल होतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता आपल्याकडं सर्रास आढळते. थायरॉईडमुळं सुस्तावलेल्या बाईला वर्षभर ब्राह्मी दिली, तर खरा आजार तेवढे दिवस तसाच वाढत राहतो. या तपासण्या रक्ताच्या एका नमुन्यावर होतात.

आयुर्वेदानं काय सांगितलं?

मनाच्या दुखण्याची दखल आपल्या परंपरेनं फार पूर्वी घेतली. चरकसंहितेनं वाताच्या ऐंशी विकारांच्या यादीत 'विषाद' घातला आहे. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत तर विषादाला सर्वांत वरचं स्थान दिलं आहे. याच ग्रंथात उपचारांचे तीन प्रकार आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. औषधं आणि आहार दुसऱ्या प्रकारात येतात. तिसरा, सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरणं. आजच्या समुपदेशनाच्या अगदी जवळचा. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला देऊन आपण पुडी बांधून घेतो, तिनंही मनाच्या आजाराला नुसती पुडी पुरेल असं म्हटलेलं नाही.

बुद्धी आणि स्मृतीसाठी चरकानं चार मेध्य रसायनं सांगितली: मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. आज 'मनाच्या ताकदीसाठी' म्हणून सर्वांत जास्त खपणारी अश्वगंधा या चौघांत नाही. तिचा मान बल्य आणि रसायन म्हणून आहे.

एकेक मुळी तपासून पाहताना

अश्वगंधा आपल्याकडं परकी नाही. बांधाबांधावर, पडीक रानात उगवणारं, कागदी पिशवीत गुंडाळल्यासारखी लाल फळं धरणारं हे झुडूप आपले शेतकरी आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणून ओळखतात. औषधात वापरतात ते तिचं मूळ. तिच्यावर भारतात चाचण्या झाल्या आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताणाची तक्रार असलेल्या ६४ जणांपैकी निम्म्यांना मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा ६० दिवस दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. अर्क घेणाऱ्यांचा ताण स्पष्टपणे जास्त उतरला. पण ही चाचणी ताणाची होती, नैराश्याची नव्हती. ताण, चिंता आणि झोप यांसाठी अश्वगंधाच्या बाजूनं बरंच बोलता येतं; निव्वळ नैराश्यासाठी पुरावा अजून तोकडा आहे. दुसरी बाजूही आहे. अश्वगंधेमुळं यकृताला सूज येऊन कावीळ झाल्याच्या नोंदी परदेशात आणि भारतातही आहेत. ती थायरॉईडची पातळी वाढवू शकते आणि झोपेच्या गोळ्यांचा अंमल चढवू शकते. गरोदरपणात ती घेऊ नये.

ब्राह्मीच्या बाबतीत आधीच घोळ आहे, कारण या एका नावानं दोन वनस्पती विकल्या जातात. एक नीरब्राह्मी: ओढ्याकाठच्या ओलीत पसरणारी, जाड पानांची. दुसरी मंडूकपर्णी: बेडकाच्या पायासारख्या गोल पानांची. दोन्ही चांगल्या आहेत, पण एकीवर झालेला अभ्यास दुसरीला लागू होत नाही. नीरब्राह्मीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ६५ वर्षांवरच्या ५४ निरोगी माणसांपैकी काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे दिला, उरलेल्यांना बिनऔषधाची गोळी. स्मरणशक्तीसोबत अर्क घेणाऱ्यांचे उदासीनतेचे गुणही थोडे सुधारले. ही माणसं मुळात आजारी नव्हती, त्यामुळं यावरून नैराश्याच्या उपचाराबद्दल फार काही म्हणता येत नाही. पोटात मळमळ आणि जुलाब हे तिचे नेहमीचे त्रास आहेत.

हळदीवरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या गुजरातेत, भावनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नैराश्याच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फ्लुऑक्सेटिन हे नेहमीचं औषध, दुसऱ्याला हळदीतलं कर्क्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. बातमी छान आहे, पण यात बिनऔषधाच्या गोळीचा चौथा गट नव्हता. सौम्य-मध्यम नैराश्यात बरीच माणसं काही आठवड्यांत आपोआपही सावरतात. कुणीतरी आपली नीट विचारपूस करतंय एवढ्यानंही सावरतात. तो भाग वजा केल्याशिवाय औषधाचा खरा वाटा कळत नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. त्या चाचणीत दिवसाला १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन होतं, तेही शरीरात जास्त शोषलं जावं म्हणून खास बनवलेलं. घरच्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी तेहतीस ग्रॅमच्या आसपास हळद, सपाट चमचे मोजले तर दहा-अकरा. रात्रीच्या कपभर दुधातली चिमूट त्याच्या जवळपासही जात नाही. हळदीचं दूध प्यावं. गरम दुधानं झोपेला मदत होते. पण ते नैराश्यावरचं औषध आहे असं समजून थांबू नये.

केशरावर तेहरानच्या संशोधकांनी २००४ पासून अनेक चाचण्या केल्या आहेत. रोज ३० मिलिग्रॅम अर्क सहा आठवडे दिल्यावर सौम्य ते मध्यम नैराश्यात तो फ्लुऑक्सेटिनच्या बरोबरीनं उतरल्याचं त्यांना दिसलं. या चाचण्या छोट्या आहेत आणि पहिल्या तर सगळ्या एकाच गटाच्या. तरी झाडपाल्यातल्या आशादायक उमेदवारांत केशराचं नाव घ्यावं लागतं. आपल्याकडं अडचण वेगळीच आहे. मराठवाडा करडईचा प्रदेश. रब्बीत रानं पिवळी-नारिंगी करणाऱ्या या पिकाच्या सुकलेल्या पाकळ्या स्वस्त केशर म्हणून खपवल्या जातात. दोन्ही तळहातावर घेऊन नीट पाहिलं तर ओळखता येतात. केशराची काडी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला तुतारीसारखी रुंदावलेली असते. कोमट पाण्यात टाकली की सावकाश सोनेरी रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. करडईची पाकळी बारीक नळीसारखी असते, तिचं टोक फाटून पाच पातळ पट्ट्या झालेल्या असतात. शंभर-दोनशे रुपयांत मूठभर केशर कुणी देत असेल, तर ते करडईचंच समजावं.

राहिली ती नैराश्यासाठी जगात सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली वनस्पती. 'सेंट जॉन्स वर्ट' या नावानं ती ओळखली जाते. आपल्याकडं काश्मीर-हिमाचलच्या डोंगरांत ती उगवते. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात तिच्यावरच्या २९ चाचण्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की ती बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची आहे, आणि तिचा त्रासही कमी. मात्र जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत ती जेवढी चमकली तेवढी इतरत्र चमकली नाही. एवढा पुरावा असूनही आयर्लंडनं २००० साली ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. कारण ती यकृतातली औषधं जाळण्याची यंत्रणा जोरात सुरू करते. मग गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, एचआयव्हीची औषधं, मूत्रपिंड रोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, या सगळ्यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतली, तर मेंदूतलं सेरोटोनिन जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. हल्ली ही गोळी ऑनलाइन सहज मागवता येते, म्हणून हे माहीत असायला हवं.

मुंबईनं शिकवलेले दोन धडे

औषधी वनस्पती मनावर परिणाम करते की नाही, या प्रश्नाचं एक ठाम उत्तर मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या इतिहासात आहे. तिथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरल्याचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष या मुळीकडं वळलं. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढं रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचं मन खचू लागल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. हे औषध मेंदूतला सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिनचा साठा रिकामा करतं. ही रसायनं कमी पडली की माणूस उदास होतो, हा तर्क याच निरीक्षणातून पुढं आला आणि नैराश्यावरच्या औषधांच्या संशोधनाला त्यानं दिशा दिली. पुढच्या संशोधनानं हा तर्क फार सोपा असल्याचं दाखवलं, तरी धडा कायम आहे. मुळीत मनावर चालणारी ताकद असते, आणि ती ताकद मन खाली ओढण्याचीही असू शकते. झोपेसाठी कुणी सर्पगंधाची पुडी सुचवली, तर वैद्यांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नये.

दुसरा धडाही मुंबईतलाच. फिट्सच्या काही रुग्णांच्या फिट्स नीट आटोक्यात असताना अचानक पुन्हा सुरू झाल्या. चौकशी केल्यावर कळलं, की ते फेनिटॉइनबरोबर शंखपुष्पीचं एक आयुर्वेदिक औषधही घेत होते. संशोधकांनी उंदरांवर तपासून १९९२ मध्ये दाखवून दिलं, की शंखपुष्पीमुळं फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण आणि परिणाम दोन्ही कमी होतात. शंखपुष्पी लोक परीक्षेच्या दिवसांत मुलांना देतात, इतकी ती निरुपद्रवी मानली जाते. पण फिट्सच्या मुलाला तीच महागात पडू शकते. शिवाय शंखपुष्पी म्हणून कुठं पांढऱ्या फुलांची वेल विकतात, कुठं माळावरची निळी विष्णुक्रांता, कुठं गोकर्ण. बाटलीवरचं नाव एक, आतली वनस्पती वेगवेगळी.

पुडीत काय आहे, हे कोण सांगणार?

२००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. पाचात एक. यावरून सगळा आयुर्वेद वाईट ठरत नाही. कुठलं उत्पादन घ्यायचं ते पाहून घ्यावं लागतं, एवढंच ठरतं. आपल्याकडं आयुर्वेदिक औषध बनवायला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची नावं, बनवल्याची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता असायला हवा. कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या चूर्णावर यातलं काहीच नसतं. एका पुडीनं दोन दिवसांत चमत्कार झाला, तर आनंद मानण्याआधी शंका घ्यावी. नैराश्यावरचं नेहमीचं औषध, मुळीचं असो की गोळीचं, गुण यायला दोन-चार आठवडे घेतं.

औषधाइतकाच पक्का दुसरा उपाय

सौम्य नैराश्यासाठी सर्वांत भरवशाचे उपाय पुडीत मिळत नाहीत. ब्रिटनची 'नाइस' ही संस्था सौम्य नैराश्यात सुरुवातीलाच गोळ्या देऊ नका, आधी मार्गदर्शनासह स्वमदत, बोलण्याचे उपचार आणि व्यायाम यांचा विचार करा, असं सांगते. आणि हे उपाय मोठ्या शहरांतच चालतात असं नाही. गोव्यात 'संगात' या संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत बोलून एकच गोष्ट केली: मन नको म्हणत असतानाही पूर्वी बरं वाटायचं ती छोटी छोटी कामं दिवसाच्या वेळापत्रकात परत आणणं. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के बरे झाले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. हा निकाल २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. विशेष म्हणजे हे रुग्ण सौम्य नव्हे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्याचे होते.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं असंच काम केलं. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेलं. गावातल्याच माणसानं दार वाजवलं तर लोक बोलतात, हे त्यातून सिद्ध झालं.

जालन्याला याचं मोल जास्त आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत गेल्यावर आणि कर्ज मागं उरल्यावर येणारी उदासी अश्वगंधानं फेडली जात नाही. राज्य सरकारनं २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा' हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू केला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन प्रश्नावली भरतात, गरज असेल त्याला पुढं पाठवतात. १०४ क्रमांकावरही सल्ला मिळतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. सौम्य नैराश्याच्या माणसाला मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागत नाही. ही भीती मनातून गेली तरी पहिलं पाऊल सोपं होतं.

घ्यायचंच ठरवलं तर

आधी प्रश्नावली भरून आकडा लिहून ठेवा आणि थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या. एका वेळी एकच वनस्पती घ्या, म्हणजे गुण आणि त्रास दोन्ही कशामुळं ते कळेल. ती पदवीधर वैद्यांना विचारून, परवाना क्रमांक असलेल्या डब्यातून, सांगितलेल्या मात्रेतच घ्या. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉईड, रक्त पातळ करण्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दोन्हीकडची औषधं दाखवा. मनावरची गोळी आधीच चालू असेल तर मुळीच्या भरवशावर ती स्वतःहून बंद करू नका. डोळे-लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली किंवा भूक मेली, तर मुळी लगेच थांबवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी या वाटेला जाऊ नये. दारूनं झोप लागते असं वाटत असेल, तर ती सवय आधी सोडा. दारू नैराश्य वाढवते आणि कुठल्याही औषधाला टिकू देत नाही.

सोबत पहाटे अर्धा तास चालणं, उठण्या-झोपण्याची ठरलेली वेळ आणि रोज एका तरी माणसाशी मोकळं बोलणं सुरू ठेवा. चार आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरा. आकडा निम्म्यावर आला असेल तर वाट बरोबर आहे. जागचा हलला नसेल किंवा दहाच्या वर गेला असेल, तर मुळीचं काम तिथं संपलं. दुसरी मुळी शोधत आणखी महिने घालवू नका, डॉक्टर गाठा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, की मनाचे नेहमीचे आजार असलेल्या दर शंभर भारतीयांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नाहीत. जालन्यातला जो माणूस पुडी मागायला दुकानापर्यंत आला, त्यानं मदत मागायचं धाडस केलेलं असतं. त्याला पुडी द्यावी की नाही, यावर वैद्य आणि डॉक्टर वाद घालोत. पण पुडी बांधणाऱ्यानं, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला 'किती दिवस झाले असं वाटतंय?' एवढं विचारलं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तर त्याचा उपचार तिथूनच सुरू होतो.